जी.एन.एम. करावं की बी.एस्सी. नर्सिंग?



बारावीचा निकाल लागला की आमच्या सटाण्यात कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानांवर गर्दी होते, आणि तिच्यातलीच थोडी गर्दी माझ्या घराच्या ओट्यावर येते. मी नोकरीची बरीचशी वर्षं नर्सिंगच्या विद्यार्थिनींना शिकवण्यात घालवली, हे गावाला ठाऊक आहे. कोणी नामपूरहून येतं, कोणी ताहाराबादहून, कोणी थेट साल्हेर-मुल्हेरच्या अंगाच्या पाड्यावरून. टोपी गुडघ्यावर ठेवून बाप विचारतो, ‘‘सिस्टर, पोरले नर्सिंगले टाकनी शे. जी.एन.एम. बरं का बी.एस्सी.?’’ पोरगी शेजारी गप्प बसलेली असते. डाळिंबाला तेल्या लागलेला असो की कांद्याचा भाव पडलेला असो, पोरीच्या शिक्षणाचे पैसे कुठून तरी उभे करायचे हे बापानं ठरवलेलं असतं. त्याला फक्त एवढंच हवं असतं की ते पैसे वाया जाऊ नयेत.

या प्रश्नाला एका शब्दात उत्तर देणारे पुष्कळ आहेत. ‘डिग्री ती डिग्री’ म्हणून मोकळं होता येतं. मला तसं करता येत नाही, म्हणून आज जरा सविस्तर बोलते.

आधी नावं नीट समजून घेऊ, कारण निम्मा गोंधळ तिथंच आहे. आपल्याकडे नर्सिंगचे तीन मुख्य रस्ते आहेत. पहिला ए.एन.एम., दोन वर्षांचा. हा फक्त मुलींसाठी. बारावी कोणत्याही शाखेची चालते. या कोर्सची मुलगी आरोग्यसेविका होते, उपकेंद्रात जाते. आपण जिला पिढ्यान्‌पिढ्या ‘नर्सबाई’ म्हणत आलो, ती हीच. दुसरा जी.एन.एम., म्हणजे जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी. तीन वर्षांचा डिप्लोमा. यालाही कला शाखेची बारावी चालते, मात्र इंग्रजी विषय हवा आणि चाळीस टक्के गुण हवेत. तिसरा बी.एस्सी. नर्सिंग. चार वर्षांची पदवी. याला विज्ञान शाखा लागते. फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी, आणि खुल्या गटाला पंचेचाळीस टक्के. शिवाय आता प्रवेश परीक्षा द्यावी लागते. डिप्लोमाची परीक्षा राज्याचं शुश्रूषा व परावैद्यक शिक्षण मंडळ घेतं. पदवी मिळते ती बहुतेक महाविद्यालयांत नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. हे विद्यापीठ १९९८ साली स्थापन झालं. आपल्या जिल्ह्यात विद्यापीठ आहे, पण आपल्या तालुक्यातल्या कित्येक घरांना ते फक्त म्हसरूळच्या रस्त्यावरची एक मोठी कमान म्हणून माहीत आहे.

आता एक गोष्ट ऐकून लोकांना आश्चर्य वाटतं. जी.एन.एम. झालेली मुलगी आणि बी.एस्सी. झालेली मुलगी, दोघींची महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होणारी नोंदणी एकाच प्रकारची असते. दोघीही नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत प्रसाविका. ए.एन.एम.ची नोंदणी वेगळी. सरकारी रुग्णालयात अधिपरिचारिकेचं, म्हणजे स्टाफ नर्सचं पद निघालं, तर अर्ज दोघी करू शकतात. लागल्या तर पगाराची श्रेणी एकच, सातव्या वेतन आयोगात ३५,४०० पासून सुरू होणारी. आरोग्यसेविकेची श्रेणी २५,५०० पासून. म्हणजे बापानं एक वर्ष जास्त शिकवलं, जास्त फी भरली, आणि शेवटी वॉर्डात दोघी एकाच टेबलाशी, एकाच पगारावर. मग बी.एस्सी. कशाला?

हा प्रश्न फक्त बागलाणात पडतो असं नाही. अमेरिकेत तो गेली सत्तर वर्षं पडलेला आहे आणि तिथंही त्याचा पुरता निकाल लागलेला नाही. ती हकिगत सांगण्यासारखी आहे.

पूर्वी सगळीकडे नर्स तयार व्हायची ती रुग्णालयात. आपल्याकडेही तसंच. मुंबईत जे.जे. रुग्णालयात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शिक्षण सुरू झालं, मिरजेच्या मिशन रुग्णालयात सुरू झालं. पुण्यात रमाबाई रानड्यांच्या सेवासदननं, जे १९०९ साली निघालं, विधवा आणि परित्यक्ता बायकांना सासून रुग्णालयात नर्सिंग शिकायला पाठवलं. ज्या काळात सोवळ्यातली बाई परक्या पुरुषाच्या जखमेला हात लावते म्हणजे काय, असं विचारलं जाई, त्या काळातली ही गोष्ट. या पद्धतीत शिक्षण आणि नोकरी यांच्यात भिंत नव्हती. विद्यार्थिनी पहाटेपासून वॉर्डात राबे, दुपारी तास-दीड तास व्याख्यान ऐके. रुग्णालयाला स्वस्तात माणसं मिळत आणि मुलीला राहणं, जेवण, थोडं विद्यावेतन आणि हातात एक कसब मिळे. आपला जी.एन.एम. हा त्याच घराण्यातला कोर्स. हे मी कमीपणानं म्हणत नाही. त्या घराण्यानं या देशाची रुग्णालयं चालवली.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत नर्सेसचा मोठा तुटवडा पडला. त्या वेळी कोलंबिया विद्यापीठातल्या मिल्ड्रेड माँटॅग नावाच्या बाईंनी १९५१ साली एक कल्पना मांडली. नर्सिंगचं काम एकाच पातळीचं नाही, म्हणाल्या. काही काम गुंतागुंतीचं, निर्णयाचं आहे, ते पदवीधर नर्सनं करावं. पुष्कळसं काम तंत्राचं आहे, त्यासाठी आपण गावोगावच्या कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षांचा अभ्यासक्रम काढू. १९५२ पासून सात कॉलेजं आणि एक रुग्णालय घेऊन प्रयोग झाला. तो इतका यशस्वी झाला की बघता बघता देशभर अशी कॉलेजं निघाली. याला तिथं असोसिएट डिग्री म्हणतात. गरीब घरच्या, मुलंबाळं असलेल्या, दिवसा नोकरी करणाऱ्या बायका आपल्या गावात राहून नर्स होऊ लागल्या.

पण माँटॅगबाईंच्या मनातली दुसरी गोष्ट झालीच नाही. त्यांना दोन वर्षांची नर्स आणि चार वर्षांची नर्स यांची कामं वेगवेगळी हवी होती. प्रत्यक्षात दोघींना परवान्याची परीक्षा एकच, परवाना एकच, आणि रुग्णालयांनी दोघींना एकाच वॉर्डात उभं केलं. १९६५ साली तिथल्या नर्सेसच्या राष्ट्रीय संघटनेनं ठराव केला की व्यावसायिक नर्सला किमान पदवी हवीच. ठराव झाला, भांडणं झाली, कायदा काही झाला नाही. नॉर्थ डाकोटा नावाच्या एका राज्यानं तेवढा १९८७ पासून नियम केला की नर्स व्हायचं तर पदवीच. तो सोळा वर्षं टिकला. २००३ साली तो मागे घेतला गेला. न्यू यॉर्क राज्यानं २०१७ साली मधला मार्ग काढला: दोन वर्षांच्या कोर्सवर नोकरीला लागा, पण दहा वर्षांच्या आत पदवी पुरी करा. इंग्लंडनं मात्र २०१३ पासून नवी नर्स पदवीधरच असेल असं ठरवून टाकलं.

हे सगळं मतांचं झालं. मोजमापाचं काम केलं लिंडा एकन या संशोधक बाईंनी, त्या स्वतः नर्स. पेन्सिल्व्हेनिया राज्यातल्या १६८ रुग्णालयांत शस्त्रक्रिया झालेल्या २ लाख ३२ हजारांहून अधिक रुग्णांची माहिती त्यांनी तपासली आणि २००३ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्या रुग्णालयात पदवीधर नर्सेसचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त, तिथं शस्त्रक्रियेनंतर तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सुमारे पाच टक्क्यांनी कमी. पुढे २०१४ साली युरोपातल्या नऊ देशांतल्या तीनशे रुग्णालयांचा असाच अभ्यास झाला, रुग्ण होते चार लाख बावीस हजारांवर. तिथं दहा टक्के पदवीधर वाढले तर धोका सात टक्क्यांनी कमी दिसला.

आता तुम्ही म्हणाल, संपलं की मग. बी.एस्सी.च करा. थोडं थांबा. पहिली गोष्ट, ज्या रुग्णालयात पदवीधर नर्सेस जास्त असतात तिथं बाकीच्याही पुष्कळ गोष्टी चांगल्या असतात. संशोधकांनी ते फरक हिशेबात धरले आहेत, तरी अशा अभ्यासात ‘याच्यामुळेच ते झालं’ असं छातीवर हात ठेवून सांगता येत नाही. दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. त्याच २०१४ च्या अभ्यासात आणखी एक आकडा आहे, आणि पदवीची जाहिरात करणारे तो कधी सांगत नाहीत. नर्सच्या वाट्याला एक रुग्ण जास्त आला, तर रुग्ण दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी वाढते. एकच रुग्ण! आपल्याकडे भारतीय परिचर्या परिषदेचा निकष असा की साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक नर्स आणि शिकाऊ डॉक्टर असलेल्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक. मी रात्रपाळीला एकट्या सिस्टरला भरलेला अख्खा वॉर्ड सांभाळताना पाहिलं आहे, त्याच वेळी बाळंतीण आलेली, तिकडे सलाइन संपत आलेलं. अशा ठिकाणी ती डिप्लोमावाली आहे की पदवीवाली, हा प्रश्न मला दुय्यम वाटतो. पहिल्यांदा तिच्या जोडीला दुसरी सिस्टर द्या.

पण मी फक्त डिप्लोमाची बाजू घेते असंही समजू नका. दोन्ही प्रकारच्या मुली मी शिकवल्या आहेत. फरक असतो. सुरुवातीचे सहा महिने जी.एन.एम.ची मुलगी पुढे असते. तिचा हात बसलेला असतो. शीर सापडते, ड्रेसिंग झटपट होतं, नातेवाइकांशी कसं बोलायचं ते कळतं. बी.एस्सी.ची मुलगी तेव्हा चाचपडत असते आणि जुन्या सिस्टर तिला हळूच टोमणे मारतात, ‘‘डिग्रीवाल्या आल्या!’’ वर्ष-दीड वर्षानंतर मात्र दुसरी एक गोष्ट दिसायला लागते. ही मुलगी ‘का’ विचारते. हे औषध या पेशंटच्या किडनीला चालेल का, लघवी कमी का झाली, डॉक्टरांना आत्ता फोन करावा की सकाळपर्यंत थांबावं. चार वर्षांत तिनं जीवरसायनशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, औषधशास्त्र, मानसशास्त्र असे विषय जरा खोलात वाचलेले असतात, छोटा का होईना संशोधनाचा प्रकल्प केलेला असतो. तेच वाचन तिथं उपयोगी पडतं. शस्त्रक्रियेनंतरचा रुग्ण वाचतो तो बहुधा असाच, कोणीतरी वेळेत काहीतरी ओळखल्यामुळे. अशा नजरेच्या जी.एन.एम. सिस्टरही मी पाहिल्या आहेत, एक-दोन तर अशा की नवे डॉक्टर त्यांना विचारल्याशिवाय पुढे जात नसत. पण ती नजर त्यांनी वीस वर्षांत कमावली होती.

यातही एक ‘पण’ आहेच. हे सगळं खरं कधी? कॉलेजात शिक्षक असतील आणि रुग्णालयात रुग्ण असतील तर. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत नर्सिंगची कॉलेजं भरमसाट निघाली. इमारत झकास, बाहेर काचा, आत प्रयोगशाळेत प्लास्टिकचा पुतळा. आणि मुलींना प्रत्यक्ष कामाला पाठवायचं रुग्णालय कुठं, तर पन्नास मैलांवर, तेही आठवड्यातून तीन दिवस, तिथं आधीच दुसऱ्या दोन कॉलेजांच्या मुली उभ्या. एका बाळंतपणाभोवती बारा मुली. वहीत मात्र प्रत्येकीनं वीस बाळंतपणं केल्याची नोंद. अशा ठिकाणच्या बी.एस्सी.पेक्षा चांगल्या जिल्हा रुग्णालयाच्या शाळेतला जी.एन.एम. मी केव्हाही वरचा मानीन. पदवी कागदावर चार वर्षांची असते. मुलीच्या हाताखालून रुग्ण किती गेले, हे त्या कागदावर छापलेलं नसतं.

मग बी.एस्सी.चा फायदा नेमका कुठं होतो, ते सांगते. ‘एम्स’च्या नर्सिंग ऑफिसरच्या परीक्षेला बी.एस्सी.वाली पास होताच बसू शकते. डिप्लोमावालीला किमान पन्नास खाटांच्या रुग्णालयातला दोन वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. सैन्याच्या नर्सिंग सेवेत अधिकारी व्हायचं तर पदवीचा रस्ता आहे. शिकवण्याच्या क्षेत्रात जायचं, एम.एस्सी. करायचं, तर पदवी लागतेच. आणि एक नवी गोष्ट. २०१८ पासून उपकेंद्रांची आरोग्यवर्धिनी केंद्रं झाली, आता त्यांना आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिथं समुदाय आरोग्य अधिकारी हे नवं पद आलं. देशपातळीवरच्या नियमात त्याला जी.एन.एम.ही चालतात, पण आपल्या राज्यात निघालेल्या जाहिरातींत बी.ए.एम.एस. आणि बी.एस्सी. नर्सिंग यांना स्थान मिळालं. आपल्या पश्चिम पट्ट्यात, जिथं आदिवासी वस्ती आहे, तिथं उपकेंद्राचा निकष तीन हजार लोकसंख्येला एक, सपाटीवर पाच हजारांना एक. म्हणजे अशी केंद्रं आपल्याकडे जास्त. म्हणजे डांगसौंदाण्याच्या पुढच्या एखाद्या पाड्यावर, कोकणा किंवा भिल्ल घरातली मुलगी आपल्याच भाषेच्या माणसांत अधिकारी म्हणून बसू शकते. पद कंत्राटी आहे, त्याबद्दल माझं मत फारसं चांगलं नाही. तरी दार उघडलं आहे.

आता अडचण बघा. ज्या पाड्यांना अशी मुलगी हवी आहे, तिथल्या मुली बारावीला विज्ञान घेतात का? घेता येतं का? आश्रमशाळेत किंवा गावच्या कनिष्ठ महाविद्यालयात बऱ्याच ठिकाणी कला शाखाच असते. म्हणजे नर्सिंगचा निर्णय बारावीनंतर होत नाही, तो दहावीनंतर अकरावीला प्रवेश घेतानाच होऊन गेलेला असतो, आणि तो घेताना कोणी कोणाला विचारलेलं नसतं. म्हणून हे बोलणं जे दहावीच्या मुलीचे आईबाप ऐकत असतील त्यांना आजच सांगते. मुलीच्या मनात नर्सिंग असेल तर अकरावीला विज्ञान घ्या, बायॉलॉजी सोडू नका. गणित नसलं तरी चालेल.

कला शाखा झालीच असेल, तर रडत बसू नका. जी.एन.एम. आहे, आणि त्याच्या पुढे पोस्ट बेसिक बी.एस्सी. आहे. जी.एन.एम. करून नोंदणी झाली की आणखी दोन वर्षांत पदवी मिळते. वर्षं जास्त लागतात, तीन अधिक दोन, पण मधे नोकरी करून स्वतःचे पैसे उभे करता येतात. ज्या घरात मागे दोन भावंडं शिकायची आहेत, त्या घराला हा रस्ता मला जास्त शहाणपणाचा वाटतो. मोठ्या हुद्द्यावर पोचलेल्या माझ्या ओळखीच्या कितीतरी जणी याच रस्त्यानं गेल्या. ए.एन.एम. झालेल्या मुलीलाही पुढे जी.एन.एम. करता येतं.

मधे काही वर्षं मोठा घोळ झाला होता. २०२०-२१ पासून जी.एन.एम. बंद करून सगळं पदवीवर न्यायचं, असं वरच्या पातळीवर जाहीर झालं होतं. गावोगाव घबराट. ज्यांचं शिक्षण चालू होतं त्या मुलीही विचारायला लागल्या, आमचं प्रमाणपत्र रद्द होईल का? तसं काही झालं नाही. कोर्स आजही चालू आहे. कल्पना वाईट होती असं मी म्हणणार नाही. १९४६ साली भोर समितीच्या वेळेपासून पदवीधर नर्सची गरज सांगितली जात आहे, त्याच वर्षी दिल्लीत आणि वेलोरला पदवीचे वर्ग सुरू झाले, मुंबईत एस.एन.डी.टी. विद्यापीठाचं नर्सिंग कॉलेज १९६४ साली निघालं. पण तालुक्याच्या गावाजवळ विज्ञानाची सोय न करता, जिल्हा रुग्णालयाच्या शाळांना कॉलेजचा दर्जा न देता डिप्लोमा बंद केला असता, तर खाली राहिल्या असत्या त्या आपल्याच मुली. १९४७ चा परिचर्या परिषदेचा कायदा जाऊन त्याच्या जागी २०२३ साली संसदेनं राष्ट्रीय परिचर्या व प्रसाविका आयोगाचा कायदा केला आहे. हा प्रश्न पुन्हा पुढे येणार यात मला शंका नाही. तेव्हा शाळांचं रूपांतर आधी आणि बंदी मागाहून, एवढं झालं तरी पुष्कळ.

खासगी नोकरीबद्दलही विचारणा होते. तिथं खरं चित्र कडू आहे. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या सांगण्यावरून केंद्रानं नेमलेल्या समितीनं शिफारस केली की पन्नासपेक्षा कमी खाटांच्या रुग्णालयातही नर्सला किमान वीस हजार रुपये द्यावेत, आणि दोनशेपेक्षा जास्त खाटांच्या ठिकाणी सरकारी नर्सइतकाच पगार. शिफारस म्हणजे शिफारस. तालुक्याच्या गावातल्या नर्सिंग होममध्ये काय देतात, ते ऐकणाऱ्यांतल्या पुष्कळांना माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. आणि तिथं पदवी आणि डिप्लोमा यांत कोणी फरक करत नाही. उलट नोंदणी नसलेली मुलगी मिळाली तर ती त्याहून स्वस्त.

याच मुद्द्यावर मला सगळ्यांत कळकळीनं सांगायचं आहे. एस.टी. स्टँडच्या आसपास, रिक्षांच्या पाठीवर, ‘नर्सिंग कोर्स, एक वर्ष, शंभर टक्के नोकरी’ अशा पाट्या तुम्ही पाहिल्या असतील. रुग्णसेवा सहायक, बेडसाइड असिस्टंट, अशी नाना नावं. त्यातले काही कोर्स मदतनीस म्हणून काम करायला ठीक असतात, आणि तसं स्पष्ट सांगून शिकवणारेही आहेत. पण त्यावर परिचर्या परिषदेची नोंदणी होत नाही. नोंदणी नाही म्हणजे कायद्याच्या दृष्टीनं ती नर्स नाही. माझ्याकडे एक मुलगी आली होती, मोसम खोऱ्यातली. एका संस्थेत, नाव सांगत नाही, वर्षभर शिकली, वडिलांनी बैलजोडी विकून फी भरली. चार वर्षं एका दवाखान्यात पांढरा ड्रेस घालून इंजेक्शनं दिली. आरोग्यसेविकेची जाहिरात निघाली तेव्हा अर्जात नोंदणी क्रमांक विचारला, आणि तिला पहिल्यांदा कळलं की असं काही असतं. ती हुशार होती. हात फार चांगला होता. वयही गेलं नव्हतं, म्हणून तिनं पुन्हा पहिल्या वर्षापासून ए.एन.एम. केलं. बैल मात्र गेले ते गेले.

तेव्हा कॉलेज बघायला जाल तेव्हा इमारत बघू नका. मान्यता कोणाची, ते आधी विचारा. राज्य परिषद आणि भारतीय परिषद यांच्या याद्या इंटरनेटवर असतात, शाळेतल्या कोणा सरांकडून बघून घ्या, यंदाच्या वर्षाचं नाव आहे ना ते बघा. मग विचारा की रुग्णालय स्वतःचं आहे का, खाटा किती, त्यातल्या भरलेल्या किती, प्रसूती महिन्याला किती होतात. उत्तर देताना समोरचा अडखळला तर चहा पिऊन निघा. होस्टेल बघा, रात्रपाळीला मुली कशा जातात-येतात ते विचारा. आणि जमलं तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला बाजूला घेऊन बोला, तिच्याइतकं खरं कोणी सांगणार नाही. मुलगे असतील तर त्यांनाही हेच. ब्रदर म्हणून आता आपल्या भागातली पुष्कळ पोरं जातात, जी.एन.एम. आणि बी.एस्सी. दोन्ही त्यांना खुलं आहे, ए.एन.एम. नाही.

परदेशाचंही हल्ली निघतं. २०२४ साली राज्य शासनानं जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेमबर्ग राज्याशी कुशल माणसं पाठवण्याचा करार केला, त्यात नर्सेस आहेत, तेव्हापासून फार. गंमत अशी की जर्मनीत स्वतःच्या बहुतेक नर्सेस तीन वर्षांच्या व्यवसाय-शिक्षणातूनच तयार होतात, पदवीतून नव्हे. तिथं अडतं ते जर्मन भाषेपाशी. जी.एन.एम. आहे म्हणून जर्मनीचं दार बंद, असं सांगून जर कोणी बी.एस्सी.च्या नावानं जास्त पैसे मागत असेल, तर ते खरं मानू नका.

शेवटी माझं मत विचाराल तर असं. विज्ञान झालं असेल, गुण असतील, घरची ओढाताण न होता चार वर्षं निघत असतील आणि रुग्णालय भरलेलं असेल, तर बी.एस्सी. करा. यातली एखादी गोष्ट कमी पडत असेल तर चांगल्या रुग्णालयातलं जी.एन.एम. करा आणि पुढे पोस्ट बेसिक मनात धरून ठेवा. दोन वर्षांमागे अशीच एक मुलगी आली होती, विज्ञानाची, पण टक्के जरासे कमी पडले. वडील म्हणत होते, वर्ष थांबवतो, परत परीक्षेला बसवतो. मी म्हटलं, तिला विचारा. ती म्हणाली, थांबायचं नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी जी.एन.एम.ला गेली. परवा तिचा फोन आला, वॉर्डातूनच, मागे बाळ रडण्याचा आवाज येत होता. विचारत होती, पोस्ट बेसिकचा फॉर्म भरायला नोंदणी आधी लागते की नंतर चालते.

आधी लागते.